बाळाच्या वाटीत शिसं कुठनं आलं? एका फौंड्रीवाल्याला कळलं तेवढं

गेल्या रविवारी सकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलेलो, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, तू मेटलच्या लायनीतला न्हवं? मग मी पाठवलेली रील आधी बघ आणि सांग, आता ह्याला खायला काय घालू, माती?" ह्याला म्हणजे माझ्या आठ महिन्यांच्या भाच्याला. दोन महिन्यांपूर्वी त्याचं उष्टावण झालं, मामा म्हणून पहिला घास मीच भरवलेला, हुपरीच्या चांदीच्या वाटीतनं खीर, त्यामुळं त्याच्या खाण्याबद्दलची तक्रार माझ्याकडंच येणार हे ठरलेलं.

रीलमध्ये एक बाई डोळे मोठे करून सांगत होत्या की बेबीफूडच्या डब्यांत शिसं, आर्सेनिक, पारा सगळं सापडलंय, अमेरिकेत सरकारी रिपोर्ट आलाय, तुम्ही बाळाला विष चारताय वगैरे. आणि शेवटी स्वतःचंच 'घरगुती' मिक्स विकायला काढलेलं. (गंमत बघा, आपल्याकडं दोन वर्षांखालच्या बाळाच्या तयार आहाराची जाहिरात करायलाच १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ ला तो कायदा अजून कडक केला. ते असो.)

मी डॉक्टर नाही. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते मोजणारं मशीन) बसतो, बाकी काय नाही. पण शिसं हा आमचा जुना वैरी आहे. स्क्रॅपमधनं रंगवलेला पत्रा नाहीतर शिसं घातलेलं फ्री कटिंग स्टील भट्टीत गेलं आणि ग्रे आयर्नमध्ये (आम्ही ओततो ते बिडाचं लोखंड) ५० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ५० भागांच्या, आसपास जरी शिसं आलं तरी आतल्या ग्रॅफाइटचा आकार बिघडतो आणि कास्टिंगची ताकद जाते. म्हणजे लोखंडालाही जे सोसत नाही ते आठ किलोच्या पोराच्या पोटात जातंय म्हटल्यावर मी पण जरा हललोच, आणि आठवडाभर रात्री बसून वाचत गेलो. रील खोटी नव्हती, पण अर्धीच होती.

## जड धातू म्हणजे कोण कोण

बाळाच्या खाण्याच्या बाबतीत चौघांची नावं येतात. शिसं, आर्सेनिक (आपल्या जुन्या भाषेत सोमल), कॅडमियम आणि पारा. शरीराला ह्या चौघांचा काडीचा उपयोग नाही. लोह, जस्त, कॅल्शियम हे पण धातूच, पण ते लागतात. भानगड अशी की हे चौघं त्या लागणाऱ्यांसारखे दिसतात. लग्नाच्या पंगतीत एखादा अनोळखी माणूस बसलेला असतो बघा, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, आणि तो निवांत जिलेबी खाऊन जातो. शिसं शरीरात कॅल्शियमच्या नावावर असंच घुसतं आणि हाडांत जाऊन बसतं, कॅडमियम जस्ताच्या नावावर. फरक एवढाच की पंगतीतला माणूस जेवून घरी जातो, हे बरीच वर्षं मुक्काम ठोकतात.

आकडे सगळे पीपीबीमध्ये येतात, तर ते एकदाच समजून घेऊ. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग. उन्हाळ्यात गल्लीत येतो तो दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यासमोर आणा, त्यात साखरेचे दहा-पंधरा दाणे टाकले की झालं १ पीपीबी. १०० पीपीबी म्हणजे त्याच टँकरमध्ये एक ग्रॅम, पाव चमचा साखर. आमच्या लोखंडातले ५० पीपीएम म्हणजे तब्बल ५० हजार पीपीबी, म्हणजे आमचा स्पेक्ट्रो ज्या जगात मोजतो त्याच्या कितीतरी खालच्या जगातली ही गोष्ट आहे. त्याला आयसीपी-एमएस नावाचं वेगळं आणि महाग मशीन लागतं.

## एवढ्याशा मापानं काय होणार?

मोठ्या माणसाला बहुतेक काही जाणवणार नाही. बाळाचं गणित वेगळं आहे. एक तर वजनाच्या मानानं ते आपल्यापेक्षा जास्त खातं, आणि रोज तेच तेच खातं. दुसरं, पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट जास्त शोषून घेतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, मेंदूचं काम अजून चालू असतंय. स्लॅब टाकल्या टाकल्या ओल्या काँक्रीटवरनं कुत्रं गेलं की ठसे कायमचे राहतात, तेच कुत्रं महिन्याभरानं गेलं तर काय फरक पडत नाही, तसंच समजा.

शिशाला 'इथपर्यंत सुरक्षित' अशी पातळीच आजपर्यंत सापडलेली नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की लक्ष घाला म्हणते (२०२१ पर्यंत हाच आकडा ५ होता), पण ३.४ म्हणजे ठणठणीत असा त्याचा अर्थ नाही, ती नुसती चुन्यानं मारलेली रेघ आहे. पोरगं आजारी दिसत नाही, ताप नाही, उलटी नाही. बुद्धी, लक्ष, शिकणं ह्यात थोडं थोडं कमी होतं, आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

आर्सेनिकबद्दल एक गोंधळ आधीच मिटवतो. त्याचे दोन प्रकार, सेंद्रिय आणि असेंद्रिय. घातक तो असेंद्रिय, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं कॅन्सर करणारा म्हणून तो पहिल्याच गटात टाकलाय, कॅडमियमही त्याच गटात. इथल्या 'सेंद्रिय' शब्दाचा सेंद्रिय शेतीशी काही संबंध नाही, केमिस्ट्रीवाल्यांनी आणि शेतीवाल्यांनी एकच शब्द दोन कामांना वापरलाय, त्याचा भुर्दंड आपल्याला.

## पण कंपनी हे टाकते कशाला?

टाकत नाही. बहिणीचा पहिला प्रश्न हाच होता आणि रीलमध्ये हेच सांगितलेलं नव्हतं. हे मातीतनं आणि पाण्यातनं येतं. काही निसर्गाचंच आहे, काही आपण शंभर वर्षांत सांडून ठेवलंय, कोळशाची राख, जुनी कीटकनाशकं, पेट्रोलमधलं शिसं. गाजर, रताळं, बीट मातीतच वाढतात म्हणून त्यात शिसं आणि कॅडमियम जरा जास्त येतं.

भाताची कथा सगळ्यात मजेशीर आहे. भाताच्या रोपाला ताठ उभं राहायला सिलिका लागते, त्यासाठी मुळांना खास दार असतं. वाफ्यात पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, मग लोहाला चिकटून गप्प बसलेलं आर्सेनिक सुटतं आणि पाण्यात येतं, आणि त्या रूपातलं आर्सेनिक सिलिकासारखंच दिसत असल्यामुळं त्याच दारानं आत जातं. परत तेच, पंगतीतला माणूस. म्हणून गहू, ज्वारी, नाचणीपेक्षा तांदळात आर्सेनिक जास्त. आणि ते दाण्याच्या बाहेरच्या थरात जास्त असतं म्हणून 'हेल्दी' ब्राऊन राइसमध्ये पांढऱ्यापेक्षा जास्त. आपला भाग तसा नशीबवान आहे, आर्सेनिकच्या पाण्याचं मोठं संकट गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आहे, बंगाल-बिहारकडं. पण डब्यातला तांदूळ कुठल्या शेतातला आहे हे डब्यावर कुठं लिहिलेलं असतंय?

## अमेरिकेत नक्की काय सापडलं

२०१९ मध्ये हेल्दी बेबीज ब्राइट फ्यूचर्स ह्या संस्थेनं १६८ बेबीफूड तपासले, ९५ टक्क्यांत चौघांपैकी निदान एक तरी सापडला. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेच्या एका उपसमितीनं, अध्यक्ष राजा कृष्णमूर्ती, कंपन्यांकडनं त्यांच्याच आतल्या टेस्ट मागवून रिपोर्ट काढला. सात कंपन्यांना विचारलं, चौघांनी कागद दिले, तिघांनी तेव्हा नीट दिलेच नाहीत. एका कंपनीच्या तयार मालात शिसं ६४१ पीपीबीपर्यंत, आर्सेनिक १८० पर्यंत. सगळ्या डब्यांत एवढं होतं असं नाही, हे सगळ्यात वाईट नमुन्यांचे आकडे आहेत, आणि रीलवाल्यांना तेवढेच पाठ असतात.

मला मात्र त्या रिपोर्टमधली दुसरीच गोष्ट डोक्यात बसली. बऱ्याच कंपन्या कच्चा माल तपासायच्या, तयार माल नाही. एका कंपनीनं स्वतःच ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला (अन्न-औषधांवर नजर ठेवणारं तिथलं सरकारी खातं) दाखवलं होतं की तयार खाण्यातलं असेंद्रिय आर्सेनिक हे कच्च्या मालावरनं काढलेल्या हिशोबापेक्षा २८ ते ९३ टक्के जास्त निघालं. तांदळाचं पीठ पास, बाकीचं पण पास, पण सगळं एकत्र केल्यावर आकडा वर. संशय गेला व्हिटॅमिन-मिनरलच्या प्रीमिक्सवर, म्हणजे बाळाच्या भल्यासाठी घातलेल्या पुडीवर.

हे वाचलं आणि मी अक्षरशः कपाळाला हात लावला. कारण आमच्याकडं पोरगं पहिल्या दिवशी कामाला येतं तेव्हाच त्याला शिकवतात की स्क्रॅपच्या कागदावर विश्वास ठेवू नको, चार्ज (भट्टीत घातलेला माल) वितळला की लॅडलमधनं (ओतायच्या भांड्यातनं) कॉइन सॅम्पल काढ, स्पेक्ट्रोला लाव, आकडा बघ, मगच ओत. प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाणीचा, आकडा वहीत. ट्रॅक्टरच्या एखाद्या हाउसिंगसाठी गिऱ्हाईक प्रत्येक लॉटला टीसी मागतो, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, आणि टीसी नसेल तर माल गेटवरनं परत. ही शिस्त लोखंडाला आहे.

## मग नियम काय केले

अमेरिकेत आधी फक्त एक आकडा होता, बाळाच्या तांदळाच्या सिरीयलमध्ये असेंद्रिय आर्सेनिक १०० पीपीबी, तोही ऑगस्ट २०२० मध्ये पक्का झालेला. तो ओलांडल्यामुळंच जून २०२१ मध्ये बीच-नट कंपनीनं एक तांदळाचं सिरीयल परत मागवलं आणि तांदळाच्या सिरीयलच्या धंद्यातनंच बाहेर पडली. एप्रिल २०२१ मध्ये एफडीएनं 'क्लोजर टू झीरो' म्हणजे शून्याच्या जवळ जायची योजना आणली आणि जानेवारी २०२५ मध्ये शिशाचे आकडे आले. फळं, भाज्या, दही, मिश्र प्युरी ह्यांना १० पीपीबी, नुसत्या कंदमुळाच्या प्युरीला २०, कोरड्या सिरीयलला २०. मेख अशी की हे 'ॲक्शन लेव्हल' आहेत, त्याच्यावर गेलं की सरकार कारवाई करू शकतं, पण कायद्याचं घट्ट बंधन म्हणतात तसं ते नाही. युरोपात तसं नाही, तिथं आकडा ओलांडला की माल विकताच येत नाही, कोरड्या सिरीयलला शिसं २० पीपीबी आणि बाळासाठीच्या तांदळाला असेंद्रिय आर्सेनिक १०० पीपीबी.

खरा डाव टाकला तो कॅलिफोर्नियानं. २०२३ मध्ये एबी ८९९ नावाचा कायदा केला, त्यात कुठला नवीन कमाल आकडा ठरवलाच नाही. एवढंच म्हटलं की दोन वर्षांखालच्या बाळांचं खाणं विकायचं तर तयार माल महिन्यातनं एकदा तरी चारही धातूंसाठी तपासा (जानेवारी २०२४ पासून) आणि आकडे वेबसाईटवर लोकांसमोर टाका (जानेवारी २०२५ पासून). म्हणजे सरळ भाषेत टीसी द्या. फॉर्म्युला दूध ह्यातनं वगळलंय, पण त्याच्या तपासणीचं वेगळं काम एफडीएनं मार्च २०२५ मध्ये हातात घेतलं.

## आपल्याकडं काय आहे

कायदा नाही असं नाही. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे, एफएसएसएआयचे (देशाची अन्न सुरक्षा संस्था) कंटॅमिनंट्सचे, म्हणजे खाण्यात नको ते येतं त्याचे, २०११ चे नियम आहेत, त्यात धातूंच्या मर्यादा आहेत, बाळांच्या आहारासाठी २०२० चे वेगळे नियम आहेत. राज्यात अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी नमुने घेतात. नाही ते फक्त टीसी. डब्यावर किंवा वेबसाईटवर प्रत्येक लॉटचा आकडा टाकायचं बंधन नाही, त्यामुळं बहिणीच्या हातातल्या डब्यात २ पीपीबी आहे का १९, हे तिला कळायचा मार्ग नाही. दोन्ही डबे सारखेच दिसतात, बाळ पण सारखंच हसतंय.

फार थोड्या लोकांना माहीत असलेली एक गोष्ट सांगतो. ह्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणं साध्या गिऱ्हाईकालाही विकत घेतलेलं खाणं फी भरून फूड ॲनालिस्टकडनं तपासून घेता येतं, आणि माल नियमात बसत नाही असं निघालं तर ती फी परत मिळते. फक्त लॅब मान्यतेची आहे ना हे बघा. २०१५ मध्ये मॅगीच्या शिशावरनं देशभर गदारोळ झाला, बंदी आली, आणि दोन-अडीच महिन्यांत मुंबई हायकोर्टानं ती उठवली, त्यात एक मुख्य मुद्दा लॅबच्या मान्यतेचाच होता. आकडा कितीही भारी असू दे, काढणारा पक्का नसला की कोर्टात टिकत नाही.

## घरचं घातलं की मिटलं ना?

आईचं हेच म्हणणं. "आमच्या वेळी कुठं होते डबे? तांदूळ-मुगाची भरड भाजून घालत होतो." मलाही वाटलेलं हेच उत्तर असणार. पण त्याच अमेरिकन संस्थेनं २०२२ मध्ये परत तपासणी केली, ह्या वेळी दुकानातलं आणि घरी केलेलं दोन्ही, मिळून २८८ नमुने. ९४ टक्क्यांत धातू सापडले आणि घरचं-दुकानातलं ह्यात म्हणावा तसा फरकच नाही. कारण तांदूळ तोच, गाजर तेच, माती तीच. ऑरगॅनिकचंही हेच. शेणखत घातलं म्हणून मातीतलं शिसं उठून जात नाही.

घरच्या खाण्याचा फायदा दुसरा आहे. साखर-मीठ आपल्या हातात, पैसे कमी, आणि मुख्य म्हणजे रोज बदल करता येतो. बदल हाच खरा उपाय आहे, त्यावर खाली येतो. त्याआधी, घरातच जे डब्यापेक्षा जास्त घातक असू शकतं ते बघू, कारण रील ह्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

## हळदीचं गणित

हिशोब बघा. एफडीए म्हणते लहान मुलाच्या पोटात खाण्यातनं दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं जाऊ नये. २० पीपीबीचं सिरीयल रोज २५ ग्रॅम खाल्लं तर जातं अर्धा मायक्रोग्रॅम. आता हळद. आपल्या नियमात हळदीला शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे, म्हणजे ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम. खिचडीतनं चिमूटभर, ०.१ ग्रॅम हळद पोटात गेली तर १ मायक्रोग्रॅम, म्हणजे नियमात बसणारी हळद सुद्धा काठावरची असेल तर सिरीयलच्या दुप्पट देऊन जाते. आणि भेसळीची असेल तर? समजा ५०० पीपीएम. तीच चिमूट, ५० मायक्रोग्रॅम. डबा राहिला बाजूला.

भेसळ असते लेड क्रोमेटची, झगझगीत पिवळा रंग, शिशापासनं केलेला. का करतात हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको, आपण गुळाचं बघितलंय की. गिऱ्हाईकाला पिवळाधमक गूळ पाहिजे म्हणून गुऱ्हाळात हायड्रोस (रंग उजळवायचं केमिकल) पडायला लागलं, काळसर चांगला गूळ मागं पडला. हळदीत पण रंगच विकला जातो.

बांगलादेशानं ह्यावर जे केलं ते वाचण्यासारखं आहे. तिथं २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडलं. तिथं पावडरीतच नाही, अख्ख्या हळकुंडाला पॉलिश करताना रंग लावायचे. सरकारनं पेपरात छापून आणलं, ढाक्याच्या श्यामबाजारात धाड टाकली, जागेवर दंड केला, आणि तपासणीला हातात धरायचं एक्सआरएफ मशीन वापरलं. आपल्या गुजरीत सोन्याचा कस बघायला जे मशीन असतं त्याच जातीचं. २०२० मध्ये ४७ चे ५ टक्के झाले, २०२१ मध्ये शून्य. दोन वर्षं, बस. (हे मशीन पीपीबीसाठी चालत नाही, पण शेकड्यातल्या पीपीएमला चोख.) सांगलीची पेठ आपल्या शेजारी, तिथल्या हळदीला २०१८ पासनं जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, चांगला माल मिळणं आपल्याला अवघड नाही. हळकुंडं घेताना जास्त चकाकणारी, हाताला रंग लागणारी नको, मळकी बरी, आणि पुसून-धुऊन वाळवूनच डंकावर न्या.

मसाल्यानं काय होतं त्याचं सगळ्यात भयानक उदाहरण २०२३ च्या शेवटी अमेरिकेतच झालं. लहान मुलांसाठीचे सफरचंद-दालचिनी प्युरीचे पाऊच, इक्वेडोरहून आलेले. दालचिनीतच लेड क्रोमेट. एफडीएनं तपासलेल्या एका प्युरीत शिसं २.१८ पीपीएम निघालं, म्हणजे ७० ग्रॅम खाल्लं की दीडशे मायक्रोग्रॅम, दिवसाच्या मर्यादेच्या सत्तर पट. पक्क्या आणि संशयित मिळून पाचशेच्या वर केसेस. आणि पकडलं कुणी? कंपनीनं नाही, पोरांच्या रक्तात शिसं का वाढलंय म्हणून घर शोधत गेलेल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या आरोग्य खात्यानं.

## भांडी, काजळ, गुटी

कल्हईचं कथील शुद्ध पाहिजे, स्वस्तात करणारे शिसं मिसळलेलं वापरू शकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं बाहेरनं आलेल्या पितळ, ॲल्युमिनियम आणि हिंडालियमच्या काही भांड्यांतनं शिसं उतरतं म्हणून इशारा दिला, त्यात भारतातला माल होता. भंगारातनं गाळलेलं, खाली कंपनीचं नाव नसलेलं पातेलं असलं तर बाळाचं आंबट-चिंबट त्यात शिजवू नका, स्टील घ्या. काजळ-सुरमा नकोच. आणि बाळगुटीत किंवा औषधात भस्म, रसकल्प असलं काही असेल तर वैद्यांना सरळ विचारा की ह्यात पारा-शिसं आहे का, टेस्ट रिपोर्ट आहे का. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झालेली, जवळजवळ २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आयुर्वेदावर टीका म्हणून नाही, मी स्वतः काढे पितो.

आमच्यासारख्यांसाठी वेगळं एक, जे फौंड्रीत, बॅटरीच्या कामात, गॅरेजमध्ये, रंगकामात आहेत त्यांनी कामाचे कपडे घालून पोराला उचलू नये. मी आता गेटवरच शर्ट बदलतो, वॉचमन हसतो.

## "आम्ही हेच खाऊन मोठं झालो, काय झालं?"

हे वाक्य आमच्या मामांचं, आणि ते ऐकून मी पण आधी मान डोलावलेली. पण आपण मोठे झालो तेव्हा पेट्रोलमध्येच शिसं होतं, ते २००० साली देशभर बंद झालं. त्याच्या जरा आधी बंगळुरूच्या जॉर्ज फाउंडेशननं मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं, निम्म्याहून जास्त मुलांत १० मायक्रोग्रॅमच्या वर. आजच्या ३.५ च्या खुणेच्या जवळजवळ तिप्पट. काय झालं हे आपल्याला कळणारच नाही, कारण शिसं नसलेला मी कसा झालो असतो हे बघायला दुसरा मी नाही. आणि गोष्ट संपलेली पण नाही, युनिसेफच्या २०२० च्या रिपोर्टमध्ये रक्तात ५ च्या वर शिसं असलेली जगातली ८० कोटी मुलं मोजली, त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली.

## मग भात बंद? अंगावरचं दूध बंद?

दोन्ही नाही, अजिबात नाही. बिहारमध्ये आईच्या दुधात युरेनियम सापडल्याची बातमी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये फिरली, तेव्हा अभ्यास करणाऱ्यांनीच सांगितलं की दूध पाजणं चालू ठेवा. आईच्या दुधाचे फायदे समोर ठेवले की हा तराजू कुठं झुकतो ह्यात वादच नाही.

भात पण चालू, पण सकाळी तांदळाची पेज, दुपारी गुरगुट्या भात, संध्याकाळी हातात चुरमुरे असं नको. तांदळाचे फुगवलेले खाऊ हे त्या तपासण्यांत वरच्या नंबरला होते, त्यामुळं चुरमुरे रोज नको, भडंग मोठी माणसं खातील. तांदूळ शिजवायची पण एक रीत आहे, शेफिल्ड युनिव्हर्सिटीनं २०२० मध्ये दाखवली. तांदूळ आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, मग नवीन पाण्यात मंद आचेवर मुरवायचा, पांढऱ्या तांदळातलं आर्सेनिक ७३ टक्क्यांपर्यंत कमी होतं. त्याच्याबरोबर थोडी व्हिटॅमिनं पण जातात, पण डाळ-भाजी खाणाऱ्या पोराला तेवढं चालतं.

बदल करायचा म्हणजे काय तर चंदगड-गगनबावड्याकडची नाचणी आहे, ज्वारी आहे, मूग, राजगिरा, अंडं, केळं. एका शेतातलं एकच काहीतरी रोज पोटात गेलं तर त्या शेताचा दोष रोज पोटात जातो, वाटून घेतलं की वाटला जातो. आणि ह्याच्यापेक्षाही मोठी गोष्ट लोहाची. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं, दारात माणूस नसला की कुणीही आत येतं तसं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पाचव्या फेरीत, पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं ॲनिमियाची निघाली. त्यामुळं बाळाच्या डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले असतील तर "काळी शी होते" म्हणून ते बंद करू नका. शंका जास्तच असेल, घराजवळ बॅटरी फोडतात, जुना रंग पोपडतोय, तर रक्तातल्या शिशाची टेस्ट असते, डॉक्टरांना विचारा.

पारा राहिलाच. तो मुख्यतः मोठ्या समुद्री माशांतनं येतो, सुरमई नाहीतर शार्क आठ महिन्यांच्या पोराला कोण घालत नाही, पुढं घालायची वेळ आली तर छोटे मासे आधी.

हे सगळं बहिणीला तासभर सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे डबा टाकून देऊ का नको ते सांग." म्हटलं टाकू नको, आठवड्यातनं तीन-चार दिवस दे, आणि कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाक की ह्या लॉटचा शिसं-आर्सेनिकचा रिपोर्ट पाठवा. टाकली तिनं. तीन दिवसांनी उत्तर आलं, आमची सर्व उत्पादनं सर्व लागू नियमांचं पालन करतात, आपल्या विश्वासाबद्दल धन्यवाद. मी म्हटलं आमच्या गिऱ्हाईकाला मी असलं पत्र पाठवलं तर गाडी उलटी येईल. तिनं डब्याच्या तळाचा लॉट नंबर भिंगातनं वाचला, फोटो काढला आणि परत मेल टाकली, ह्या वेळी सीसीमध्ये मला घेऊन.